पहिली संक्रांत, बोरन्हाण आणि पाच हजारांचं गणित

प्रश्न: माझ्या धाकट्या जावेची लग्नानंतरची पहिली संक्रांत आणि माझ्या दहा महिन्यांच्या मुलाचं बोरन्हाण एकाच रविवारी करायचं ठरतंय. घर डोंबिवलीत, वन बीएचके. पस्तीस-चाळीस माणसं होतील. सगळं पाच हजारांच्या आत बसवायचं आहे आणि हलव्याच्या दागिन्यांचा तयार सेटच दीड-दोन हजार सांगतात. दागिने घरी जमतील का? हलवाही घरीच करावा का? आणखी एक. सासरे तीन वर्षांपूर्वी गेले. सासूबाई म्हणतात, 'मी आतल्या खोलीत बसेन.' काकू, काय करू?

उत्तर:

काकू म्हणालीस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते. गेली २३ वर्षं मी हलव्याचे दागिने करून विकते. म्हणजे तुला दीड-दोन हजार सांगणाऱ्या जमातीतलीच मी. तेव्हा आधी आमची बाजू ऐक. नवरीच्या पूर्ण सेटला मला आठ-नऊ तास लागतात. त्यात हलवा लागतो शंभर-दीडशे रुपयांचा, बाकीचे पैसे बोटांचे. तुझ्या घरी बोटं असतील, म्हणजे दुपारी दोन तास येऊन बसणाऱ्या चार बायका असतील, तर ते पैसे वाचतील. बाळ झोपल्यावर रात्री अकराला एकटीच दोरा घेऊन बसणार असशील तर करू नकोस. सरळ विकत घे. दहा महिन्यांच्या पोराच्या आईची झोप दीड हजारांहून महाग आहे.

चार बायका आहेत असं धरून पुढचं सांगते.

हलवा घरी करावा का? मूठभर कर. दागिन्यांपुरता करू नकोस. माझी आत्या वाईला असायची, तिच्याकडे मी हे शिकले. पहाटे शेगडी पेटवून निखाऱ्यांवर राख पसरायची, वर पितळेची परात. परातीत दोन चमचे भाजलेले तीळ. पाव किलो साखर जेमतेम बुडेल एवढं पाणी घालून पाक चढवायचा, उकळी आली की चमचाभर दूध. मळी वर येते, ती काढायची आणि पाक ओल्या फडक्यातून गाळून घ्यायचा. एकतारीच्या किंचित अलीकडचा, पातळ. मग अर्धा चमचा पाक तिळांवर सोडायचा आणि लगेच बोटांच्या पेरांनी तीळ परातीत फिरवत राहायचं, एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. सुकून पांढुरके दिसले की पुढचा अर्धा चमचा. असं तास-दीड तास. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही, तिळाला पिठी लागल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी दाणा गोल होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, थंडी कोरडी असेल तर, काटा फुटतो. ज्या ठिकाणी बारीकसं टोक आलेलं असतं तिथला पाक आधी सुकतो आणि तेच टोक पुढे वाढत जातं. घाईने पाक जास्त ओतला की काटे बुजतात. आच वाढली की साखर पिवळी पडते. आत्याच्या बोटांची टोकं पौष महिनाभर लालच असायची.

आता डोंबिवलीची हवा घे. शेजारी खाडी, त्यात स्वयंपाकघरात दिवसभर कुकरची वाफ. तिथे काटा फुटतो, पण हट्टानेच. मी स्वतः दागिन्यांसाठी हलवा विकतच घेते आणि त्यात मला काडीचाही कमीपणा वाटत नाही. माझी एक भाची न्यूजर्सीला आहे. घर गरम ठेवणाऱ्या यंत्रामुळे तिच्याकडे हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. तिने गॅसच्या सर्वांत बारीक आचेवर तीन दिवसांत असा काटा काढला की मी फोटो दोनदा मोठा करून पाहिला. ज्याच्या हवेत जे होतं ते त्याने करावं.

तरी मूठभर घरी कर म्हणाले, त्याला कारण आहे. सुगडात घालायला आणि देवापुढे ठेवायला तेवढा पुरतो, आणि जावेला ते फिरवताना बसवता येतं. नव्या घरात आलेल्या मुलीला हाताला काम हवं असतं, नाहीतर ती दिवसभर मोबाइल उघड-बंद करत राहते.

दागिन्यांसाठी बाजारातून किलोभर पांढरा हलवा आण. घेताना एक दाणा चिमटीत धरून बघ. काटे बोटाला टोचले पाहिजेत. गुळगुळीत, गोल, गोळीसारखा हलवा खायला चालतो, दागिन्याला चालत नाही. दाणे दोन आकारांचे घे, बारीक तिळाचा आणि त्याहून मोठा साबुदाण्याचा. कोणाकडे लवंगेचा लांबट हलवा मिळाला तर पन्नास ग्रॅम उचल. फुलांच्या पाकळ्या आणि कर्णफुलं त्याच्यासारखी कशाचीच होत नाहीत.

हलवा सुईने टोचायचा नसतो. पहिल्यांदा करणारी प्रत्येक जण सुई घेते, दहा दाणे फोडते आणि मग चिकटवायला डिंक घेऊन बसते. दागिना बांधायचा असतो, गजरा बांधतो तसा. जाड काळा दोरा दुहेरी घे, एक टोक खुर्चीच्या दांडीला अडकव. दोन पदरांच्या मध्ये दाणा ठेव, खालचा पदर वरून घेऊन गाठ ओढ. दोरा काट्यांत अडकतो आणि दाणा जागचा हलत नाही. म्हणून काटा हवा, नुसता शोभेला नाही. दाण्याला लागून दुसरी गाठ, मग पुढचा दाणा. तीन-चार दाण्यांनंतर एक सोनेरी मणी ओवला की पांढऱ्याला उठाव येतो. पहिल्या वीतभर माळेला अर्धा तास लागेल. दुसरीला दहा मिनिटं. बांधताना दोरा ओला करायचा नाही. वाचायला विचित्र वाटेल, पण सुईदोरा हातात आला की तो ओठात घेऊन ओलवायची सवय आपल्याला असते.

अशा माळा हात-दोन हात लांबीच्या आधी करून ठेवायच्या. मग दागिने म्हणजे नुसती जोडणी. जुन्या प्लास्टिकच्या बांगड्यांना काळी साटीन फीत गुंडाळून त्यावर माळ फिरवली की तोडे झाले. फितीवर तीन माळा शेजारी शेजारी टाचल्या की कंबरपट्टा. मंगळसूत्राला खरी काळी पोत घे आणि वाट्यांच्या जागी सोनेरी कागदात अर्धे गुंडाळलेले दोन मोठे दाणे. बिंदी, बाजूबंद आणि नथ जाड पुठ्ठ्यावर होतात, तिथे डिंक चालेल. दिराला एक लांब हार आणि हातात द्यायला हलवा लावलेला नारळ पुरे. हल्ली नवरदेवाला हलव्याचं घड्याळ, हलव्याचा मोबाइल, परवा एकीने हलव्याचा लॅपटॉप मागितला. मी केला. पैसे घेतले आणि केला, पण मनात म्हटलं, बायकोला तरी धड बघू देत याला.

एक माझी चूक सांगते म्हणजे तू ती करणार नाहीस. तिसऱ्या वर्षी मला एका लग्नघरचे तीन सेट मिळाले होते. आदल्या रात्री सगळं तयार. मुंग्या लागतील म्हणून डबा फ्रीजमध्ये ठेवला, फार हुशारी केली असं वाटलं. सकाळी काढला तेव्हा दागिने मोत्यासारखे दिसत होते. अर्ध्या तासात त्यांच्यावर दव धरलं, गार वस्तू बाहेरच्या हवेत आली की धरतंच. तासाभरात दाणे चिकट झाले, दोऱ्याचा काळा रंग साखरेत उतरला. तीन नवऱ्या राखाडी दागिने घालून फोटोला उभ्या राहिल्या. पैसे परत केले, पण तो फोटो त्यांच्या भिंतीवर असणारच. तेव्हापासून माझे दागिने कोरड्या पत्र्याच्या डब्यात, तळाला वर्तमानपत्र, आणि डबा पाण्याच्या ताटात विटेवर. स्वयंपाकघरात तर नाहीच, कपाटात. चपलांच्या किंवा पर्सच्या खोक्यात येते ती 'खाऊ नका' लिहिलेली पुडी डब्यात टाकली तरी चालते. कार्यक्रम झाला की ती पोरांच्या हाती लागणार नाही एवढं बघ.

नवरीलाही सांग, दागिने सगळ्यात शेवटी घालायचे. घाम आला की मानेला साखर लागते. काळी चंद्रकळा नसेल तर कोणतीही काळी सुती साडी चालेल, मापाचं पूर्ण गळ्याचं पोलकं असेल तर उत्तम, हार कापडावर बसतो.

आता बाळ. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

बाळाच्या दागिन्यांना डिंक नको, सुटा दाणा नको, पुठ्ठ्याला टाचणी तर नकोच. दोन बोटं रुंद काळ्या कापडाच्या पट्टीवर माळ दोऱ्याने शिवून टाक. मुकुट, हार, दोन बाजूबंद, कंबरेला एक. कृष्ण झाला. बासरी घरातल्या लाटण्याहून लहान नको, कारण ती तोंडात जाणारच. मागच्या बाजूला गाठ नको, वेल्क्रो लाव, ओढलं की निघालं पाहिजे. फोटो होईपर्यंत पाच-दहा मिनिटं अंगावर ठेवायचे आणि काढायचे.

दुसरं, बोरन्हाणात डोक्यावरून काय ओतायचं. रीत आहे ती बोरं, उसाचे करवे, ओले हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, रेवड्या, चुरमुरे, आणि हल्ली गोळ्या-चॉकलेटं. दहा महिन्यांच्या बाळाच्या टाळूवर बोर पडलं तर ते रडणार आणि कार्यक्रम तिथेच संपणार. मी अशा घरांत काय करते सांगू? पाटावर आईच्या मांडीत बाळ, औक्षण, मग वाटीने डोक्यावरून फक्त चुरमुरे. बाकी सगळं पाटाभोवती गोल ओतायचं, पोरं तिथूनच लुटतात. शेंगदाणे, हरभरे, बोराच्या बिया, गोल गोळ्या हे सगळं लहान मुलांच्या घशात अडकणारं आहे, चार-पाच वर्षांच्या आतल्या कुणालाही ते धोक्याचंच. तेव्हा एका मोठ्या माणसाला एकच काम दे, लहानांच्या मुठी बघत बसायचं. हे काम काकांना किंवा दिराला दे, फोटो काढणाऱ्याला नको. आणि पोरं पांगली की लगेच सतरंजी चारी टोकांनी उचलून झटक. सोफ्याखाली गेलेला हरभरा तीन दिवसांनी तुझ्याच बाळाला सापडतो.

मोठ्या पोरांना आधीच एकेक कागदी पिशवी देऊन ठेव, रंगवलेली. त्या त्यांनीच आदल्या दिवशी रंगवल्या तर अर्धी दुपार ती गप्प असतात.

वन बीएचकेत चाळीस माणसं मावतील का, हा प्रश्न तू विचारला नाहीस पण तुझ्या पोटात आहे. मावतील, कारण हळदीकुंकू म्हणजे बसून राहायचा कार्यक्रमच नाही. बाई येते, हळदकुंकू, अत्तर, तिळगूळ, ओटी, वाण, दोन गप्पा, निघाली. अर्ध्या तासाची गोष्ट. गल्लीत एका संध्याकाळी चार घरं करायची असत, म्हणून ती रीत तशी बसली. आपण तिची पार्टी करून टाकली, सहा वाजता सगळ्यांनी या आणि नऊला जेवून जा, तिथे घोटाळा झाला. तू निरोपात वेळा वेगळ्या लिही: बोरन्हाण साडेचार ते साडेपाच, लेकुरवाळ्या घरांना. हळदीकुंकू सहा ते साडेआठ, सवडीने. एका वेळी पंधराच्या वर माणूस राहत नाही. अगदीच एका रविवारी जमत नसेल तर दोन कर. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मुभा असते आणि ती दरवर्षी वेगळी. २०२४ मध्ये रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, म्हणजे महिनाभर सवड. २०२६ मध्ये २५ जानेवारीलाच, म्हणजे जेमतेम अकरा दिवस. पंचांग बघून मगच तारीख सांग.

सजावटीला वेळ घालवू नकोस. भिंतीवर एक काळी साडी, त्यावर दहा-बारा कागदी पतंग, खाली पाच सुगडं मांडून त्यात गाजर, ऊस, बोरं, हरभरे, गव्हाच्या ओंब्या. फोटोत एवढंच येतं.

खाण्याचं सांगते. तिळाचे लाडू घरीच. अर्धा किलो तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाज, तेवढाच चिक्कीचा गूळ, दीडशे ग्रॅम भाजलेल्या दाण्यांचं भरड कूट, थोडं भाजलेलं सुकं खोबरं, वेलची, चमचाभर तूप. यात लहान लिंबाएवढे साठ लाडू होतात. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून बघ. पाण्यात त्याची मऊ गोळी वळता आली की गॅस बंद. ताटलीवर आपटून टण्ण वाजला तर ती चिक्कीची वेळ, लाडवाची गेली. असे लाडू माझ्या थोरल्या नणंदेने एका वर्षी केले होते, आजोबांनी आपली कवळी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाले, 'तिळगूळ घेतला, आता गोड बोलायला दात नाहीत.' अर्ध्या अर्ध्या मापाचे दोन घाणे कर. मिश्रण गरम असतानाच वळावे लागतात आणि साठ लाडू एका घाण्यात दोन हातांना होत नाहीत. वळायला दोन-तीन बायका, प्रत्येकीशेजारी पाण्याची वाटी. पोरं ओट्यापासून लांब. गुळाचा पाक हाताला चिकटला की सुटत नाही, भाजतच राहतो.

बाकी, चाळीस जणांना ताटं लावू नकोस. थंडीत मटार स्वस्त असतात. पाच किलो शेंगा सोलल्या की दोन-अडीच किलो दाणे निघतात, त्यात दीड किलो बटाटा, ओलं खोबरं आणि आल्या-मिरचीचं वाटण. उसळ आणि पाव. सोबत पेलाभर मसाले दूध, माणशी दीडशे मिली धर, म्हणजे सहा लिटर. मटार शनिवारी रात्री टीव्हीपुढे घरातल्या पुरुषांकडून सोलून घे. मी हे गमतीने म्हणत नाहीये. दूध मात्र मोठ्या पातेल्यात तूच आटव, ते लागतं आणि मग घरभर वास राहतो.

वाणावरून मला दरवर्षी राग येतो. प्लास्टिकचे डबे, गाळण्या, साबणाच्या डब्या, कुठे कुठे चमचे. माझ्या माळ्यावर अशा वाणांचं एक पोतं आहे, त्यातलंच मी पुढच्या वर्षी कुणाला देते आणि ते मलाच फिरून येतं. त्यापेक्षा जुन्या सुती साड्या काढ. नेसून मऊ झालेल्या, पण विरलेल्या नकोत. साडीचा पन्हा साधारण ११५ सेंटिमीटर. त्याच्या आडव्या ४०-४० सेंटिमीटरच्या पट्ट्या कापल्या की पाच मीटरच्या साडीत बारा पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टीतले ९० सेंटिमीटर दुमडून पिशवी, उरलेल्या तुकड्यातून दोन बंद. चार साड्यांत अठ्ठेचाळीस पिशव्या झाल्या. घरी मशीन नसेल तर इमारतीत शिवणारी कुणी असतेच, पिशवीला पंधरा रुपये दिले तरी चाळिसांचे सहाशे. पिशवीत तिळाच्या चटणीची पन्नास ग्रॅमची पुडी घाल, माणशी पंधराच रुपये. बाराशेत सगळं वाण झालं. काठ पिशवीच्या वरच्या तोंडाला येऊ देत, मग ती पिशवी बाई भाजीला घेऊन जाताना मिरवते.

आता हिशेब. माझे आकडे माझ्या बाजारातले, तुझ्याकडे दहा-वीस रुपये इकडेतिकडे. लाडवांचं सामान सव्वादोनशे. किलोभर हलवा तीनशे, दोरा, फिती, मणी, पुठ्ठा अडीचशे. बोरन्हाणाचं चारशे. ओटीचं गाजर, बोर, हरभरा, ओंब्या तीनशे, सुगडं दीडशे. वाण बाराशे. दूध आणि मसाला सव्वापाचशे, उसळ-पाव नऊशे. गजरे आणि सुटी फुलं तीनशे. साडेचार हजारांच्या थोडं वर जातं. उरलेल्या साडेचारशेला हात लावू नकोस. गॅस संपतो, दूध फाटतं, कुणीतरी चार माणसं जास्त आणतं.

काम मात्र दहा दिवस आधी सुरू कर. पहिल्या दोन दिवसांत साड्या कापून शिवायला देऊन टाक. मधल्या कुठल्याही दुपारी दागिन्यांना बायका बोलाव. लाडू दोन-तीन दिवस आधी, चटणी त्याच्या आदल्या दिवशी. लोक कार्यक्रमाच्या दिवशी येतात आणि जातात. दागिने बांधायला आलेल्या बायका चहा पिऊन, चार माणसांची उणीदुणी काढून, तुझ्या जावेचं माहेर-सासर सगळं विचारून जातात, आणि पुढच्या आठवड्यात ती लिफ्टमध्ये भेटली की नावाने हाक मारतात. उखाण्याची तयारीही तिथेच होते. आमच्याकडे मागच्या वर्षी एकीने घेतला होता:

हलव्याला फुटला काटा, मंद ठेवली आच,
सुहासचं नाव घेते, पिशव्या उरल्या पाच.

आणि आता तुझ्या सासूबाई. हा प्रश्न तू शेवटी लिहिलास, मीही शेवटी घेतला, पण दागिन्यांच्या दुपारी पहिली गोष्ट हीच करायची आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, सगळं. तेव्हा पेपरात वाचलंस असशील. गाव ठराव करतं. घरात ठराव करून चालत नाही, कारण आतल्या खोलीत बसायचं हे त्यांनी स्वतःच स्वतःला सांगितलेलं असतं. 'आई, असं काही नसतं हो' असं सगळ्यांसमोर म्हणून ओढून बाहेर आणलंस तर त्या येतील, पण खुर्चीच्या कडेवर बसतील आणि पहिल्या संधीला उठतील. कुणी आलेली बाई त्यांना बघून घुटमळली तर ते त्यांना आयुष्यभर पुरेल.

मी माझ्या सासूबाईंच्या बाबतीत चुकत चुकत शिकले ते असं. त्यांना मान देऊ नकोस, काम दे. दारातच, जिथे प्रत्येक जण आधी थांबते तिथे, तिळगुळाचा डबा घेऊन त्यांना बसव. येणारीला पहिला तिळगूळ त्यांच्या हातचा. मग कोण हळदकुंकू लावतं न लावतं हा विषयच उरत नाही, कारण तोवर ती त्यांच्या पाया पडलेली असते. बोरन्हाणातही बाळाच्या डोक्यावर पहिली वाटी आजीची, हे आधीच सांगून ठेव, आणि ते तुझ्या नवऱ्याने सांगू देत. त्यांना स्वतःला हळदकुंकू लावून घ्यायचं असेल तर तूच लाव, जावेसमोर, साधेपणाने, काही विशेष करतोय असा चेहरा न करता. नको म्हणाल्या तर आग्रह नको. पिशवी मात्र त्यांनाही, आणि साड्या कापशील तेव्हा त्यातली एक त्यांचीच असू दे. विचारून घे. बहुतेक त्या अशी साडी काढून देतील जी त्यांनी तीन वर्षांत नेसलेली नाही.

दागिने बांधायच्या दुपारी त्यांना बोलावताना 'बसा ना आमच्यात' म्हणू नकोस. 'दोरा सारखा सुटतोय, गाठ कशी मारायची दाखवा' म्हण. गजरे बांधलेल्या पिढीचे हात आहेत ते, तुझ्या चौघींच्या आधी त्यांची वीतभर माळ होईल.

रथसप्तमीनंतर दागिन्यांचं काय करायचं हे सगळ्या विचारतात. पुठ्ठ्यावर चिकटवलेले ते टाकायचे, डिंक पोटात नको. बांधलेले आणि बाळाच्या पट्टीवर शिवलेलेही अंगावरून उतरलेले असतात, आणि बाजारच्या काळ्या दोऱ्याचा रंग साखरेत उतरलेला असतो. तेही खाऊ नकोस. फिती आणि मणी सोडवून ठेव, हलवा पाण्यात विरघळवून टाक. खायला मात्र बरणीत तळाशी थोडा बिनबांधलेला हलवा राहू दे. आत्या त्यातले दाणे मोजून रोज सकाळच्या चहात पाच टाकायची, साखरेऐवजी. ढवळलं की आधी काटे विरघळतात, मग दाणा, आणि तळाशी एक तीळ उरतो.